आंघोळीच्या पाण्याचा मोगरा

गोजरबाई मोगऱ्याच्या आळ्यात आंघोळ करायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा तमाशा त्या आंघोळीवरूनच झाला. ज्यांनी तो केला त्यांची नातवंडं आता ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतात. सांगायला काय जातं! त्यांच्या आज्यांनी तेव्हा पदर तोंडाला लावून पाठ फिरवली होती, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तिसगावपासून कोसभर आत एक वाडी आहे. नाव घेत नाही, माणसं अजून नांदताहेत. एकाहत्तर साली तिथल्या शाळेवर माझी नेमणूक झाली. मी नगरची, नुकती शिकून बाहेर पडलेली, बिनलग्नाची आणि तोंडानं फटकळ. अशा मास्तरणीला खोली द्यायला वाडीत कुणी तयार होईना. एकटी बाई, घड्याळ बांधते, पुरुषांशी उभ्यानं बोलते, असली पोरगी घरात कोण ठेवणार? गोजरबाईनं ठेवली. ओसरीला लागून एक खोली होती, तिथली बाजरीची कणगी तिनं एकटीनं ढकलत बाहेर काढली आणि म्हणाली, "ऱ्हावा. पन फुलं इचारल्याबिगर तोडायची न्हाईत."

ही माझी आणि तिची पहिली ओळख. बाई उंच, हाडापेरानं मोठी, रंगानं काळी. चालायला लागली की वाटेवरची माणसं आपसूक बाजूला व्हायची. नवरा विहिरीच्या सुरुंगात गेला तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते, पदरात मूल नव्हतं. घरात ती आणि सासू राहीबाई. राहीबाई ठेंगणी, वाळकी, आणि तीही ऐन तरुणपणी विधवा झालेली. दोघी दिवसभर भांडायच्या. चुलीवरून, कोंबडीवरून, काही नसलं तर गप्प बसण्यावरून भांडायच्या. धाकटा मुलगा सहादेव पलीकडच्या भिंतीला वेगळा राहत होता. तो पंच होता, त्याच्याकडं दुभती म्हैस होती, सून गरीब होती. तरी म्हातारी त्याच्याकडं राहायला जात नसे. "तिथं भांडायला कोन हाय?" असं म्हणायची.

घराच्या मागं परसू होतं. त्या रखरखीत वाडीत हे एवढं हिरवं पाहून पहिल्या दिवशी मी दारातच उभी राहिले. मोगऱ्याच्या दोन ओळी, कडेनं अबोली, भिंतीशी गावठी गुलाब, न्हाणीच्या बाजूला शेवंती, आणि कुंपणाला लाल कण्हेर, कारण कण्हेरीला शेळी तोंड लावत नाही. हौस म्हणून चार रोपं लावणारी बाई ही नव्हे. थंडी सुरू झाली की ती मोगऱ्याचं पाणी तोडायची. पानं पिवळी पडून गळायची, झाडं मेल्यासारखी दिसायची. माझा जीव वरखाली व्हायचा. ती म्हणायची, "उपाशी ठिवल्याबिगर त्याला अक्कल येत न्हाई." मग संक्रांतीनंतर छाटणी, मुळं उघडी करून उन्हात ठेवणं, लेंडीखत आणि पाणी. चैत्रात झाड नुसतं पांढरं. शेवंतीचे शेंडे ती इतक्या निर्दयपणे खुडायची की मला वाटे हिचा झाडावर काही राग असावा. दिवाळीत त्याच शेवंतीला फांदीला पेलणार नाहीत इतकी फुलं लागायची.

आता एवढा बगीचा एका विधवेच्या परसात राहू दिला कसा, हे सांगायला हवं. तो देवीसाठी होता. वाडीतल्या तुकाईच्या डोक्यावर रोज सकाळी या परसातली फुलं जायची. रंगनाथ गुरव पितळी परडी घेऊन यायचा, गोजरबाई परडी भरून द्यायची. मंगळवारी, शुक्रवारी सवाष्णी गजऱ्यासाठी यायच्या. गोजरबाई मोगरा ओवून द्यायची, एखादीच्या अंबाड्यात स्वतःच्या हातानं माळूनही द्यायची. देवीचं झाड, सवाष्णींचा गजरा, म्हणून परवानगी. तिच्या स्वतःच्या डोक्यात त्यातलं एक फूल जायचं नाही. राहीबाईचं त्यावर बारीक लक्ष असे. ओवताना एखादी कळी खाली पडली तरी ती उचलून परडीत टाकायची.

मला हे बघवत नसे. एकदा मी तोंड उघडलंच. म्हटलं, "गोजरबाई, तुम्हाला कधी वाटत नाही एखादं फूल माळावं?"

तिनं दोरा दातात धरला होता. तो तोडून म्हणाली, "वाटाय काय झालं? वाटतं की." आणि दुसरा गजरा ओवायला घेतला.

मग पाऊस गेला. एक वर्ष ओढून काढलं, दुसऱ्या वर्षी आभाळानं पार दगा दिला. बहात्तर साल ज्यांनी पाहिलं त्यांना जास्त सांगायला नको. विहिरींना तळ दिसले. जनावरं छावणीत गेली. माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली, शाळेत पोरांना खायला सुकडी आली, भाकरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची झाली. तिला ना चव ना ढव. पाण्याचा टँकर पारापाशी यायचा, एक दिवसाआड, तोही आला तर. बायका पहाटेपासून हंडे रांगेत लावून ठेवायच्या. त्या रांगेला बारी म्हणत आणि बारीवर पंच म्हणून सहादेव उभा असे.

गोजरबाईही खडीवर जायची. संध्याकाळी हाताला फोड आणि केसात धूळ घेऊन यायची, आल्याबरोबर आधी परसात. अशात झाडांना पाणी कुठून घालणार? पण हिनं युक्ती काढली. न्हाणीतला आंघोळीचा दगड उचलला आणि थेट मोगऱ्याच्या आळ्यात नेऊन टाकला. भोवती चार बोरीच्या काठ्या रोवून जुनं लुगडं गुंडाळलं. आज या झाडापाशी आंघोळ, उद्या दगड आणि काठ्या पुढच्या झाडापाशी. आळीभोवती तिनं फुटकी गाडगी पुरली, म्हणजे पाणी वर न पसरता मुळाशी मुरावं. तोंड धुवायचं ते अबोलीत. चूळ भरायची ती गुलाबात. बाजरी निवडून धुतलेलं पाणीसुद्धा वाया नाही.

सासूलाही तिनं त्यात ओढलं. राहीबाईनं आधी आकांत केला. "मला काय म्हस समजलीस का रानात धुवायला?" पण दुसरं पाणी नव्हतं. शेवटी म्हातारी लुगड्याच्या आडोशाला बसून आंघोळ करता करता सुनेला शिव्या घालायची आणि पाणी मात्र नेमकं आळ्यात सोडायची. माझ्याही वाट्याला जागा ठरली. "बाई, आज तुमी शेवंतीत," असा सकाळी हुकूम यायचा. वर अट, "साबन लावायचा न्हाई. झाड करपतं. शिकेकाई घ्या." मी पगारी मास्तरीण, वासाच्या साबणाची सवय असलेली. पण शेवंतीत बसून शिकेकाईनं न्हाले. सांगायला लाज कशाची? त्या वर्षी त्या परसात मला जितकं हसू आलं तितकं नगरात कधी आलं नव्हतं.

आणि चैत्रात मोगरा फुलला. थंडीत उपाशी ठेवायचा असतोच, दुष्काळानं ते काम आयतंच केलं होतं. वाऱ्याबरोबर वास थेट पारापर्यंत गेला. तिथं बायका रिकामे हंडे घेऊन उन्हात बसलेल्या. तहानलेल्या माणसाला मोगऱ्याचा वास सहन होत नाही. आधी कुजबुज झाली, मग उघड बोलणं. हिला पाणी कुठून मिळतं? दीर बारीवर असतो, म्हणून जास्तीचा हंडा मिळतो वाटतं?

ते सहादेवाला लागलं. तो दुसऱ्या दिवशी दोघातिघांना घेऊन परसात आला. बरोबर परडी घेऊन रंगनाथ गुरवही होता. दारातूनच सहादेव ओरडला, "वैनी, पोरं तान्हेली हायेत वाडीत, अन् तुमी फुलांला पानी पाजताय?"

गोजरबाई खुरपं खाली ठेवून उभी राहिली. "कोन म्हनतं पाजते? या भावजी, या. आत येऊन बगा." तिनं लुगड्याचा आडोसा हातानं बाजूला सारला. आत ओला दगड होता. "हितं मी न्हाते. काल त्या कडंला आत्याबाई न्हाल्या. बाई शेवंतीत न्हात्यात. इचारा त्यांला."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हो. आणि साबणसुद्धा लावू देत नाहीत."

एकजण खुदकन हसला. सहादेव खाली मान घालून ओल्या मातीकडं बघत राहिला. स्वच्छ पाण्याचा एक तांब्याही इथं वाया जात नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्याची तक्रार तिथंच संपली होती. तो परत निघालाही होता. पण रंगनाथ गुरवाचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं हातातल्या परडीकडं पाहिलं आणि म्हणाला, "म्हंजे ही फुलं आंघुळीच्या पान्यावरची? अन् मी ती रोज देवीच्या डोक्यावर घालतोय?"

सगळे एकदम बोलायला लागले. इतके दिवस विटाळ झाला. पाऊस पडत नाही तो का पडत नाही, हे आत्ता कळलं. मी ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. पाऊस आधी गेला, आंघोळ नंतर सुरू झाली, एवढा साधा हिशेब कुणाच्या ध्यानात येईना.

गोजरबाई म्हणाली, "गुरवदादा, लेंडीखत चालतं तुमच्या देवीला? शेनखत चालतं? ते कुटून येतं, ठावं हाय न्हवं?"

"जनावराचं येगळं, गोजरबाई. मानसाचं येगळं. त्यात बाईमानूस, अन् ती बी..." तो अडला.

"रांडमुंड म्हना. लाजू नगा. आमी ऐकल्यालं हाय ते."

संध्याकाळी पारावर माणसं जमली. बायका कडेला उभ्या. मी गेले तेव्हा मला सांगण्यात आलं, "बाई, तुमी शाळंचं बघा." मी तिथंच उभी राहिले, शाळेला सुट्टी होती. निवाडा व्हायला वेळ लागला नाही. त्या परसातलं फूल देवीला जाणार नाही. सवाष्णींनीही घ्यायचं नाही. मग सहादेव म्हणाला, "देवीला चालत न्हाईत, सवाष्णींला चालत न्हाईत, मंग झाडं ठिवायची कशापायी? उपटून टाका अन् जागा मोकळी करा." त्या जागेवर त्याचा डोळा होताच. खोली बांधायला दगड कधीचा आणून टाकला होता.

गोजरबाई एका टोकाला उभी होती. विधवेनं पारासमोर बोलायची रीत नव्हती. ती पुढं आली आणि नीट समजून घेतल्यासारखं विचारायला लागली.

"देवीला चालत न्हाईत म्हनता?"

"न्हाई."

"सवाष्णींला?"

"कसं चालंल? कुनी इटाळाचं फूल डोक्यात घालतं का?"

"बरं. मंग झाड देवीचं ऱ्हायलं न्हाई, अन् सवाष्णींचं बी ऱ्हायलं न्हाई. जागा माझ्या मालकाच्या वाटनीची. घाम माझा, आंघुळ माझी." तिनं जमलेल्यांवरून एकदा नजर फिरवली. "कुनालाच नगं, तर फुलं माझी. मी माळीन."

आणि ती घरी निघून गेली. 

मला वाटलं रागाच्या भरात बोलली असेल. सकाळी मी उठले तेव्हा ती ओसरीवर बसून मोगरा ओवत होती. नेहमीसारखा झरझर नाही, एकेक कळी निवडून ओवत होती. राहीबाई समोर बसून कपाळ बडवत होती. "माझ्या घरात हे चालनार न्हाई! गोजरे, माझ्या पोराला वर काय वाटंल?"

"त्येंला मोगऱ्याचा वास आवडायचा, आत्याबाई," गोजरबाई म्हणाली आणि अंबाड्यात गजरा खोवला. मोकळं कपाळ, मोकळा गळा आणि डोक्यात पांढराशुभ्र गजरा. मी तसं दृश्य आधी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याच वेळी कुणाला तरी चार शब्द सुनवावेत असंही वाटलं. तिनं हातोडा घेतला, भाकरी घेतली आणि भर रस्त्यानं कामावर गेली.

वाटेवरची दारं पटापट बंद झाली. खडीवर बायका तिच्याकडं पाठ करून बसल्या. काही जणी तोंडावर थुंकल्यासारखं करून गेल्या. मुकादम तेवढा बरा निघाला. त्याच्याकडं तक्रार गेली तेव्हा म्हणाला, "मी दगड मोजतो. डोकी मोजत न्हाई." संध्याकाळी ती आली तेव्हा गजरा पिवळा पडून सुकला होता. मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "वास येत ऱ्हातो, बाई. दगूड फोडताना बी येतो. मला ठावंच नव्हतं, आपल्याच डोक्यातला वास असा येत ऱ्हातो ते."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. सहादेवानं बारीतून तिचा हंडा उचलला आणि बाजूला ठेवला. "गजरा उतरवा. झाडं उपटा. मंग बारीत या."

तिनं हंडा उचलला, रिकामाच काखेत घेतला आणि घरी आली.  माझी कळशी भरली होती, ती आम्ही तिघींनी वाटून घेतली. पुढच्या खेपेला माझीही कळशी बाजूला निघाली. सहादेव मोठ्या समजुतीनं म्हणाला, "बाई, तुमी सरकारच्या. तुमाला न्हाई म्हनत न्हाई. पन हितंच प्या, घरात न्यायचं न्हाई." मी म्हटलं, "मी काय बैल आहे का, जागेवर पाणी प्यायला?" आणि तशीच तरातरा परत आले. ताठा मिरवला खरा, पण घसा कोरडा पडला होता.

गोजरबाईला कामावर प्यायला पाणी मिळायचं. मी शाळेत सुकडीसाठी आलेल्या पाण्यातलं घोटभर प्यायचे. म्हातारीला मात्र कुठंच मिळायचं नाही. ती ओसरीवर पडून राहायची, ओठ फुटलेले. आम्ही दोघी संध्याकाळी पदराआड लपवून थोडं थोडं आणायचो, तेवढ्यावर तिचं चालायचं. परसातल्या आळ्यांना आता थेंब नव्हता. अबोलीनं मान टाकली. पण मोगऱ्याला कळ्या येतच होत्या आणि गोजरबाई रोज सकाळी माळतच होती. राहीबाई रोज शिव्या देत होती. शिव्या देण्यापुरताही आवाज उरला नव्हता, तरी देत होती.

आणि तेव्हा पहिल्यांदा गोजरबाई डगमगली. म्हातारीनं त्या दिवशी मिलोची भाकरी परत केली होती, कोरड्या तोंडात घास फिरत नव्हता. गोजरबाई परसात बसली होती, हातात खुरपं. मला म्हणाली, "माझं मी बघीन बाई. पन म्हातारी मेली तर? तिनं का म्हून मरायचं माझ्या गजऱ्यापायी? उद्या उपटते." मी काय बोलणार? उपटू नका म्हणणं माझ्या तोंडी शोभलं नसतं, तहान दुसऱ्याच्या जिवाला लागली होती.

दुसऱ्या दिवशी टँकरचा वार होता; झाडं उपटायची म्हणून गोजरबाई कामावर गेली नव्हती, मीही सकाळची शाळा आटोपून आले होते. उन्हं चढली तसा सहादेव आईला न्यायला आला. ओसरीच्या पायरीवर बसून गोडीगुलाबीनं म्हणाला, "आई, चल आमच्याकडं. तिला ऱ्हाऊ दे एकटीला. तुजा काय दोष न्हाई त्यात."

राहीबाई भिंतीला टेकून बसली होती. "पानी का देईना झालास रे? एका गजऱ्यापायी?"

"गजऱ्याचं हायेच. पन मूळ ते न्हवं. देवीला आंघुळीच्या पान्याचा इटाळ झाला."

"कुनाच्या आंघुळीच्या?"

सहादेव गडबडला. "तुमच्याच की. दोघींच्या."

"माझ्या?"

पारावरच्या निवाड्याला म्हातारी गेली नव्हती. तिची सगळी समजूत अशी होती की भांडण सुनेच्या गजऱ्याचं आहे, आणि त्यात तीही गावाच्याच बाजूची होती. स्वतःची आंघोळही त्यात विटाळ ठरली आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती भिंत सोडून ताठ बसली.

"माझ्या आंघुळीचं पानी इटाळ? मुडद्या, ल्हान हुतास तवा माज्याच आंघुळीच्या पान्यात बसायचास. उठ म्हनलं तर उठायचा न्हाईस, रडून वाडी डोक्यावर घ्यायचास. तवा न्हाई बाटलास? न्हव्हं, तुला पोटात नऊ म्हयनं कशात ठिवलं हुतं, गंगंच्या पान्यात?"

"आई, हळू बोल..."

"का हळू? गोजरे, हंडा दे हिकडं."

गोजरबाई हातात खुरपं घेऊन परसातून आली होती, झाडं उपटायला निघालेली. तिला काही कळेना. राहीबाईनं स्वतःच कोनाड्याखालचा मोठा पितळी हंडा ओढला आणि काठी टेकत पाराकडं निघाली. मागं सहादेव, त्याच्या मागं खुरपं टाकून आपला हंडा काखेत घेतलेली गोजरबाई, आणि मी.

टँकर आलेला होता. बारी लागलेली होती. म्हातारी सरळ पाइपाच्या तोंडाशी गेली, हंडा उपडा घातला आणि त्यावर बसली. "आता भरा, कुनाला भरायचं त्येनं." पाइपाचं तोंड तिच्या मांडीशी होतं. तिला ओलांडून पाणी घेणं कुणाला जमणार नव्हतं.

सहादेव म्हणाला, "आई, मानसं बघत्यात."

"बघू दे. त्येंला बी आया हायेत." मग तिनं रंगनाथ गुरवाला हाक मारली. "रंगनाथा, हितं ये. किती दिस घातलीस माजी फुलं तिच्या डोक्यावर? उन्हाळा लागल्यापासनं न्हव्हं? तिनं येक तरी फेकून दिलं? देवीच्या डोक्यावर बसली ती फुलं, अन् तुमच्या नाकाला झोंबली व्हय!" गुरव परडीशी चाळा करत राहिला. "माज्या सुनंचा हंडा आधी भरंल. मंग माजा. मंग मी उठते. न्हाई तर हितंच मरते, मंग घाला आंघुळ मला, अन् ते पानी कुटं वतायचं त्ये बी ठरवा."

बारीतली एक बाई हसली. मग दुसरी. पदराआडून हसणं पसरत गेलं. सहादेवानं माझ्याकडं पाहिलं, गोजरबाईकडं पाहिलं. तिच्या डोक्यात त्या दिवसाचा गजरा होता.  त्यानं तिच्या हातून हंडा घेतला आणि पाइपाखाली धरला.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. पाऊस आला. अबोली गेली, गुलाब गेला, मोगरा तगला. नवरात्रात रंगनाथ गुरव परडी घेऊन दारात आला, घसा खाकरत उभा राहिला. गोजरबाईनं त्याला दिली फुलं, पण त्याच्यासमोर आधी एक स्वतःच्या डोक्यात खोवून मग दिली. त्यानं मुकाट्यानं नेली. मरेपर्यंत ती बाई डोक्यात फुलाशिवाय घराबाहेर पडली नाही. वाडीतल्या आणखी कुणी विधवेनं तसं केलं असं मी सांगणार नाही, कारण केलं नाही. आपल्याकडं एवढ्या लवकर काही बदलत नसतं.

पण मला त्या दुपारची परतीची वाट जास्त आठवते. दोन्ही हंडे भरले होते. एक गोजरबाईच्या डोक्यावर, एक माझ्या. राहीबाई काठी टेकत पुढं चालली होती, अजून फणफणत होती. कुंपणापाशी आल्यावर थांबली आणि मागं वळून म्हणाली, "झालं न्हव्हं तुज्या मनासारकं? आता उतरव तो गजरा."

गोजरबाईनं हंडा खाली ठेवला. "न्हाई, आत्याबाई."

"आगं, पानी मिळालं की!"

"पान्यासाठी माळला नव्हता. उद्या बी माळनार."

 मला वाटलं म्हातारी आता काठी उगारते. तिनं काठी कुंपणाला टेकवली. "मंग नीट तरी माळ. येका कडंला लोंबतोय, गबाळ्यावानी," असं म्हणून ती सुनेच्या मागं गेली. नवरा गेला त्या दिवशी याच हातांनी तिनं या सुनेच्या बांगड्या फोडल्या होत्या. आता तीच बोटं सुटलेला गजरा अंबाड्याभोवती गुंडाळायला बघत होती. म्हातारी ठेंगणी, सून उंच. हात पुरेना.

राहीबाई चिडून म्हणाली, "मान खाली कर की गं. किती ताठ उबी ऱ्हातीस!"

गोजरबाईनं मान खाली केली नाही. ती गुडघ्यात वाकली.